नाताळच्या देवाणघेवाणीचा डबा: चौथ्या दिवशीही चांगला लागेल असा कसा करायचा

२३ डिसेंबरला मैत्रिणीच्या हातात दिलेला डबा बहुतेक वेळा २५ तारखेच्या दुपारनंतरच नीट उघडला जातो. त्याआधी घरचंच इतकं असतं की बाहेरून आलेल्या डब्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे तुमचं बोलिन्हास (रवा-नारळाचं बिस्किट) किंवा दोदोल (माडाच्या गुळाची मऊ वडी) पाहुण्याच्या तोंडात पडेपर्यंत तीन-चार दिवस उलटलेले असतात. ओव्हनमधून काढल्या काढल्या सगळंच छान लागतं. देवाणघेवाणीसाठी मात्र चौथ्या दिवशी छान लागणारा पदार्थ निवडावा लागतो, आणि पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका हिशोबावर उभं आहे.

गोव्यात ही देवाणघेवाण नवी नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, शेजारच्या ख्रिस्ती घरी जातात आणि नाताळला तिथून ताट येतं. त्या ताटाला कोणी कुस्वार म्हणतं, कोणी पोर्तुगीज शब्दावरून कोंसुआद. हल्ली मित्रमंडळींत पाच-सहा घरं मिळून एकेक पदार्थ वाटून घेतात, एका संध्याकाळी जमतात आणि प्रत्येक जण सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन घरी जातो. पद्धत उत्तम आहे. एकट्या बाईने आठ पदार्थ करत बसण्यापेक्षा पाच घरांनी एकेक नीट केलेला कधीही चांगला.

आधी हिशोब, मग बाजार

पाच घरं आणि प्रत्येक डब्यात प्रत्येक पदार्थाचे ८ नग धरले, तर तुम्हाला तुमच्या पदार्थाचे ४० नग करायचे आहेत. खालची बोलिन्हास, दोदोल, दोस (चणाडाळीची वडी) आणि पेराद (पेरूची वडी) यांची मापं साधारण ४० नगांचीच दिली आहेत. फुटतुटीसाठी ४-५ नग जास्त धरा. सहापेक्षा जास्त घरं घेऊ नयेत असं आमचं मत आहे. डबा मोठा होतो, पदार्थ एकमेकांवर रचावे लागतात आणि खालचे चेपतात.

वाटणी करताना पहिला प्रश्न अंड्याचा विचारा. नाताळच्या आगेमागेच मार्गशीर्ष असतो. गुरुवार पाळणारी, दत्तजयंतीचा उपास करणारी किंवा एरवीही अंडं न खाणारी घरं आपल्या गटात असतातच. दोस, दोदोल, पेराद आणि नेवऱ्या यांत अंडं लागत नाही. नारळाच्या दुधात पीठ भिजवून तळलेली गोड कुलकुलंही अंड्याशिवाय छान होतात. बोलिन्हास आणि बात्क (रवा-नारळाचा केक) यांत अंडं आहे. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वेगळा डबा भरा. एकाच डब्यात कागद घालून वेगळं केलं की चालतं असं धरू नका, चुरा एकमेकांत मिसळतोच.

मग तारखा. टिकाऊ पदार्थ आधी, ओलसर पदार्थ शेवटी. पणजीच्या चर्चचं ८ डिसेंबरचं फेस्त (वार्षिक सण) आटोपलं की पेराद करून ठेवा, महिनाभर त्याला काही होत नाही. कुलकुलं १४-१५ तारखेला, नेवऱ्या १८-१९ला, बोलिन्हासचं मिश्रण १९च्या रात्री आणि भाजणी २०ला, दोस २०ला, दोदोल २१ला. बात्कचं पीठ २१च्या रात्री भिजवून २२ला भाजायचं. २३च्या संध्याकाळी देवाणघेवाण. २४ची रात्र चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) जाणाऱ्यांची असते, त्या दिवशी कोणाला बोलावू नये.

बेबिंका (थराथरांचा गोव्याचा केक) या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याच्या गोडाची ती राणी आहे हे खरंच. पण निदान सात थर, प्रत्येक थर वरून भाजून तूप सोडायचं आणि मगच पुढचा ओतायचा, यात अख्खी दुपार जाते. वर आठ-आठ नगांची वाटणी करताना तिचे थर सुटतात. ती अख्खीच्या अख्खी एखाद्या जिवलग घरी न्यावी.

नारळ आणि गूळ

या सातांपैकी निम्म्याहून जास्त पदार्थांचा जीव नारळात आहे. मध्यम नारळातून १५० ते १७५ ग्रॅम खोबरं निघतं. फोडल्यावर पाणी चाखून बघा, ते तुरट किंवा आंबूस लागलं तर तो नारळ गोडासाठी वापरू नका. एका बिघडलेल्या नारळाने पूर्ण दोदोल जातो. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) खवताना करवंटीपर्यंत जाऊ नका. काळपट सालीचे कण दोस आणि बोलिन्हासमध्ये दिसतात आणि दाताखालीही येतात. साखर घातलेलं पाकिटातलं सुकं खोबरं इथे चालत नाही, कारण पदार्थाला लागणारा ओलावा त्यात कमी असतो.

दोदोलसाठी माडाचा काळा गूळ घ्यायचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या बाजारात तो शंकूच्या आकाराच्या ढेपांत मिळतो. चांगली ढेप नखाने दाबली की खरवडली जाते, वास किंचित धुरकट असतो आणि चवीत मागे हलकी खारट छटा येते. नुसतीच गोड आणि दगडासारखी कडक ढेप असेल तर दुसरं दुकान बघा. या गुळात कचरा असतोच, म्हणून तो विरघळवून गाळल्याशिवाय वापरायचा नाही.

बोलिन्हास

बारीक रवा २५० ग्रॅम, खवलेला ओला नारळ २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी १२५ मिली, अंड्यांचे बलक ३, बिनमिठाचं लोणी २५ ग्रॅम, वेलची पूड १ चमचा, मीठ पाव चमचा.

१. खोबरं पाणी न घालता मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक करा. पेस्ट नको, नुसते लांब धागे तुटले पाहिजेत. लांब धागे राहिले तर बोलिन्हासच्या कडा फाटतात.

२. साखर आणि पाण्याचा एकतारी पाक करा. थेंब अंगठा आणि बोटात धरून बोट सावकाश उचललं की एक तार येऊन तुटली पाहिजे. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पाक दोन तारेपर्यंत गेला की दुसऱ्या दिवशी मिश्रण खडा होतं आणि भाजलेलं बोलिन्हास दाताने फुटत नाही. शंका आली तर पाक जरा कच्चा ठेवा, पुढे रवा ओलावा ओढून घेतो.

३. पाकात खोबरं घालून मंद आचेवर ३ मिनिटं हलवा. मग रवा आणि मीठ घालून आणखी ३-४ मिनिटं, मिश्रण कढईच्या मध्यभागी गोळा व्हायला लागेपर्यंत. आच बंद करून लोणी मिसळा.

४. थंड झाल्यावर झाकून रात्रभर ठेवा, निदान ८ तास. ही पायरी गाळता येत नाही. रवा आतपर्यंत फुगायला वेळ लागतो. घाईने दोन तासांत भाजलेलं बोलिन्हास तट्ट्यावर (ओव्हनच्या ट्रेवर) पसरतं आणि खाताना रव्याचे कण कचकचतात.

५. सकाळी मिश्रण घट्ट वाटेल, हाताने मोडून घ्या. वेलची घाला, बलक एकेक करून मिसळा. दोन बलकांनंतर एक गोळी वळून दाबून बघा. कडेला मोठ्या भेगा पडल्या तरच तिसरा घाला. हाताला चिकटायला लागलं म्हणजे जास्त झालं. अशा वेळी दोन चमचे रवा घालून अर्धा तास थांबा.

६. २२-२३ ग्रॅमचे गोळे वळा, लिंबापेक्षा थोडे लहान. तळहातावर किंचित चपटे करा आणि सुरीच्या बोथट बाजूने वर उभ्या-आडव्या रेघा मारा. रेघा फक्त नक्षीसाठी नसतात, त्यांतून वाफ बाहेर जाते आणि वरची कड खुसखुशीत होते.

७. ओव्हन १८० अंशांवर १० मिनिटं तापवा. मधल्या खणात २० ते २२ मिनिटं भाजा. एक उलटून बघा, तळ बदामी हवा. मग तापमान १५० करून आणखी ८-१० मिनिटं सुकवा. या शेवटच्या दहा मिनिटांनीच ती पुढचे दहा दिवस टिकतात. बाहेरून रंग आला म्हणून आधीच काढली तर आतला ओलावा दोन दिवसांत कवचापर्यंत येतो आणि बोलिन्हास मऊ पडतं.

जाळीवर ठेवून पूर्ण गार करा. घरच्या लहान ओव्हनांत मागची बाजू जास्त तापते, म्हणून बाराव्या मिनिटाला तट्टा फिरवा. पहिल्या खेपेला चारच बोलिन्हास भाजून बघणं शहाणपणाचं, तुमचा ओव्हन १८० म्हणतो तेव्हा नक्की किती तापतो हे तेवढ्यात कळतं.

दोदोल

माडाचा काळा गूळ ५०० ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ १५० ग्रॅम, नारळ ३, काजू ७५ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा.

खोबऱ्यात ३०० मिली कोमट पाणी घालून वाटा, पिळून जाड रस वेगळा काढा. त्याच चोथ्यात ६०० मिली पाणी घालून पुन्हा वाटून पातळ रस काढा. पातळ रसातला निम्मा गार रस घेऊन त्यात पीठ कालवा आणि गाळणीतून काढा. उरलेल्या पातळ रसात गूळ चिरून घाला, मंद आचेवर फक्त विरघळू द्या, उकळू नका. कापडातून गाळा आणि कोमट होऊ द्या. मग पीठ, गूळ, जाड रस आणि मीठ जड बुडाच्या कढईत एकत्र करून आचेवर चढवा. गरम गुळात पीठ ओतलं तर गुठळ्या होतात, आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत.

इथून दीड तास कालथा हातातून सोडायचा नाही. मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण पिठल्यासारखं दाटतं. आच मंद करा. पाऊण तासाच्या सुमाराला मोठे बुडबुडे फुटायला लागतात आणि गरम थेंब मनगटावर उडतात. लांब दांड्याचा लाकडी कालथा घ्या आणि हाताला फडकं गुंडाळा. तासाभराने रंग तपकिरीवरून जवळजवळ काळा होतो, पृष्ठभागावर चकाकी येते. याच वेळी बहुतेक जण थकून गॅस बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी दोदोल सुरीला चिकटतो. चकाकीवर थांबू नका. कडेने तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. ते सुटून मिश्रण कालथ्याबरोबर एका गोळ्यासारखं फिरायला लागलं, मागे कढईचा तळ स्वच्छ दिसला, की काजू घाला आणि आणखी पाच मिनिटं हलवा. खात्रीसाठी चिमूटभर ताटलीवर काढून गार करा. बोटांत दाबल्यावर चिकटला नाही तर झाला.

तळाला लागल्याचा वास आला तर खरवडू नका. वरचं मिश्रण लगेच दुसऱ्या कढईत काढा आणि तिथे पुढे चालू ठेवा. खरवडलेला एक पापुद्रा सगळ्याला कडवटपणा देतो.

तूप लावलेल्या थाळीत दीड इंच जाडीने थापा. वर साचलेलं जास्तीचं तेल निथळून काढा, पण पुसून कोरडं करू नका. तो पातळ थर दोदोलला हवेपासून वाचवतो. रात्रभर गार झाल्यावर तेल लावलेल्या सुरीने वड्या पाडा. बाहेर ७-८ दिवस सहज टिकतो, फ्रीजमध्ये त्याहून जास्त, फक्त खायच्या तासभर आधी बाहेर काढावा लागतो.

दोस आणि पेराद

दोन्ही आटवण्याचेच पदार्थ, आणि दोन्हींत साखर कमी करण्याचा मोह होतो. त्यात साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना ते मिळत नाही. कमी गोड हवं असेल तर वडी लहान कापा.

दोससाठी २५० ग्रॅम चणाडाळ ४ तास भिजवून शिजवा. बोटाने सहज चुरडली गेली पाहिजे, पण पिठलं होता कामा नये. चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या, निथळलेल्या पाण्याची आमटी होते. १५० ग्रॅम खोबऱ्याबरोबर पाणी न घालता गंधासारखी वाटा, दाणा राहिला तर वडी रवाळ लागते. ४०० ग्रॅम साखर घालून ३५ ते ४५ मिनिटं मंद आचेवर आटवा, कडा सुटायला लागल्या की दोन मोठे चमचे तूप आणि चवीपुरती वेलची. तूप लावलेल्या पाटावर किंवा केळीच्या पानावर एक सेंटिमीटर जाडीने थापा. गरम असतानाच शंकरपाळ्याच्या आकाराच्या रेघा मारा, वड्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवा. वड्या पडत नसतील तर मिश्रण परत कढईत टाकून दहा मिनिटं आटवा, काही बिघडत नाही.

पेरादसाठी सव्वा किलो पेरू घ्या, आणि सगळे पिकलेले घेऊ नका. तिसरा हिस्सा कडकसर हवेत, कारण घट्टपणा आणणारं पेक्टिन अर्धकच्च्या फळात जास्त असतं. वाटीभर पाण्यात शिजवून चाळणीतून घासा, बिया वर राहतील. एक किलो गराला ८०० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. लिंबाशिवाय पेरादमध्ये आठ-दहा दिवसांनी साखरेचे खडे तयार होतात, आणि आंबटपणाशिवाय पेक्टिनही नीट धरत नाही. पाऊण ते एक तास आटवा, शेवटी चमचाभर लोणी. पांढऱ्या पेरूचं पेराद विटकरी तपकिरी होतं आणि ते तसंच सुंदर दिसतं. बाजारातल्यासारखा भडक लाल रंग घालण्याची गरज नाही. थापून एक दिवस उघडं, पातळ कापडाखाली सुकू द्या आणि मग कापा.

बाकीचे थोडक्यात

नेवऱ्या मराठी घराला शिकवायला नकोत. एवढंच, की देवाणघेवाणीसाठी ओल्या नारळाचं चून भरू नका, ते दोन दिवसांत आंबतं. भाजलेलं सुकं खोबरं, रवा, तीळ, पिठीसाखर आणि वेलचीचं कोरडं सारण भरा. ४०० ग्रॅम मैद्याच्या ४० होतात. तेलात उघडतात त्याचं कारण बहुतेक वेळा कडेवर सांडलेलं सारण असतं. कातण फिरवण्याआधी कड बोटाने पुसून दूध लावा.

कुलकुलं मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर वर रंग येतो पण आत कच्ची राहतात आणि आठवड्यात वातड होतात. एक मधोमध मोडून बघा, आत ओलसर रेघ दिसता कामा नये.

बात्कला २५० ग्रॅम रवा, तेवढंच खोबरं, तेवढीच साखर, १२५ ग्रॅम लोणी, ४ अंडी, एक चमचा बेकिंग पावडर आणि थोडं गुलाबपाणी. बेकिंग पावडर सोडून बाकी सगळं मिसळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी ओट्यावर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या आणि पावडर भाजण्याआधीच घाला. रात्रीच घातली तर तिचा जोर उतरतो आणि बात्क दडस होतो. आठ इंची भांड्यात १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. हा ओलसर केक आहे, तीन दिवसांत संपवायचा. म्हणून तो सगळ्यात शेवटी.

डबा भरताना

खुसखुशीत आणि ओलसर पदार्थ एका हवाबंद डब्यात कधीच ठेवू नका. दोदोलमधला ओलावा हवेवाटे बोलिन्हासमध्ये जातो. एका रात्रीत बोलिन्हास मऊ आणि दोदोल वरून कडक, असं दोन्हींचं नुकसान होतं. दोन डबे करा. एकात बोलिन्हास, नेवऱ्या, कुलकुलं. दुसऱ्यात दोदोल, दोस, पेराद, प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळून. बात्कचे तुकडे त्यांच्याही वेगळे, तिसऱ्या लहान डब्यात.

सगळं पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नका, निदान तीन तास. झाकणाच्या आत एक जरी पाण्याचा थेंब दिसला तरी झाकण काढा, पुसा आणि पुन्हा तासभर थांबा. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि खाऱ्या वाऱ्याची दमट हवा असते. एका थेंबातून दोसवर बुरशीचा पांढरा ठिपका यायला दोन दिवस पुरतात. गाडीच्या डिकीत डबा उन्हात ठेवू नका, दोदोलचं तेल सुटून कागदाबाहेर येतं.

मुंग्यांसाठी डबे पाण्याच्या ताटात पालथ्या वाटीवर ठेवावेत. प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून चार गोष्टी लिहा: पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, अंडं किंवा काजू आहे का, आणि कधीपर्यंत खायचं. बात्कला २५ डिसेंबर, दोस आणि दोदोलला २८, बोलिन्हासला ३०. नेवऱ्या-कुलकुलं वर्षअखेरपर्यंत छान राहतात. पेरादचा कागद मात्र ८ जानेवारीपर्यंत तसाच राहू द्या. नव्या वर्षात डबे परत करताना आत काय घालून पाठवायचं हा प्रश्न बहुतेक घरांत त्या उरलेल्या चार वड्याच सोडवतात.